शत्रूच्या गणवेशातला आपला माणूस

दुसऱ्या महायुद्धावरच्या हेरकादंबऱ्या मराठी माणूस कित्येक वर्षे आवडीने वाचतो आहे, पण त्यांच्याविषयी मराठीत गांभीर्याने फारच थोडे लिहिले गेले. ॲलिस्टर मॅक्लीन, जॅक हिगिन्स, केन फॉलेट ही नावे वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर जितकी ऐकू येतात, त्याच्या शतांशानेही ती समीक्षेच्या पानांवर दिसत नाहीत. ‘उत्कंठावर्धक’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘एका बैठकीत संपवावी अशी’ एवढे म्हणून परिचयकार मोकळा होतो. वाचक का खिळतो, आणि खिळलेला असताना तो नेमका कोणाच्या बाजूने असतो, हे विचारण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. मला हा दुसरा प्रश्न अधिक छळतो. त्याला कारण माझा मुलूख आहे.

मी एडवणचा. आमच्या गावापासून तालुक्याचे ठिकाण पालघर. तिथे १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी. त्यांच्या स्मारकाचा चौक पाचबत्ती म्हणून ओळखला जातो. सफाळ्याच्या किंवा केळव्याच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही ही नावे पाठ असतात. आणि हाच शाळकरी मुलगा पुढे कामाला लागला, चर्चगेटची गाडी धरू लागला, की त्याच्या पिशवीत ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ असते. ती कादंबरी घडते १९४३ साली. म्हणजे पालघरच्या गोळीबाराला वर्ष-सव्वा वर्ष झालेले असताना, त्याच राजाच्या सैन्यातले अधिकारी एका ग्रीक बेटावर कडा चढत असतात, आणि आपण पान उलटताना त्यांचा दोर तुटू नये म्हणून श्वास रोखून धरतो.

यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे मी म्हणत नाही. हिटलरच्या विरोधात उभे राहायला कोणाची परवानगी लागत नाही. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंब्यांचे ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ वाचून वाढलेल्या पिढीला जर्मनीत काय चालले होते हे नीट ठाऊक होते. पण कादंबरीवाचन म्हणजे मतदान नव्हे. वाचक विचार करून बाजू निवडत नाही. लेखक त्याला एका माणसाच्या कातडीत बसवतो आणि मग ती कातडी वाचवणे एवढेच त्याच्या हाती उरते. हे बसवण्याचे तंत्र कसे चालते हे पाहिले, की या कादंबऱ्यांच्या आकर्षणाचे निम्मे कोडे सुटते.

मॅक्लीनची ‘नॅव्हरोन’ १९५७ची, ‘व्हेअर ईगल्स डेअर’ १९६७ची. दोन्हींत मोजकी माणसे शत्रूच्या मुलखात शिरतात, दोन्हींत ती शत्रूचा गणवेश चढवतात आणि दोन्हींत आपल्यातलाच कोणीतरी फितूर असतो. लढाईच्या कादंबरीत धोका समोरून येतो. हेरकादंबरीत तो शेजारी बसून आपल्याच शिदोरीतली भाकरी खात असतो. ‘ईगल्स’मधला मेजर स्मिथ आल्प्समधल्या गढीत, जर्मन अधिकाऱ्यांच्या समोर, मी तुमचाच माणूस आहे असे सांगू लागतो, तेव्हा क्षणभर वाचकही गांगरतो. आतापर्यंत ज्याच्या कातडीत बसलो तो कोण हेच माहीत नव्हते की काय? मॅक्लीनची भाषा साधी, पात्रे ठोकळेबाज, स्त्रिया तर नावापुरत्या. पण हा एक प्रसंग त्याने असा बांधला आहे की त्यापुढे त्याचे बाकीचे दोष मी माफ करतो. खोटे बोलण्याला इथे नुसती परवानगी नसते, ते कर्तव्य असते. जन्मभर कचेरीत साहेबासमोर आणि घरात वडीलधाऱ्यांसमोर छोटी छोटी खोटी बोलून अपराधी वाटून घेणाऱ्या वाचकाला, देशासाठी बेधडक खोटे बोलणारा माणूस पाहून केवढे मोकळे वाटत असेल!

दुसरे आकर्षण खास गावच्या माणसाचे आहे. सफाळ्याहून एसटीत बसलेला माणूस एडवणच्या थांब्यावर उतरण्याआधी तो कोणाचा, कुठून आला, कशाला आला याची चौकशी होऊन गेलेली असते. आडनावावरून आळी, आळीवरून नातेवाईक, नातेवाइकांवरून जुनी भांडणे निघतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला अनोळखी शहरात खोट्या नावाने खोली घेऊन राहणारा हेर म्हणजे सुटकेचे चित्र वाटते. तो कोणाचाही मुलगा नाही, पुतण्या नाही, जावई नाही. फॉलेटच्या ‘आय ऑफ द नीडल’चा (१९७८) फेबर लंडनच्या भाड्याच्या खोल्यांतून असा निनावी फिरतो. तो जर्मन हेर आहे, खुनी आहे, आणि तरी पहिली शंभर पाने तो पकडला जाऊ नये असे वाटत राहते. पुढे वादळी बेटावर एकाकी राहणारी ल्यूसी त्याच्या आड येते आणि फॉलेट अतिशय सावकाश आपल्याला त्याच्या कातडीतून काढून तिच्या घरात आणून बसवतो. युद्धाचा निकाल ज्यावर अवलंबून आहे असे गुपित घेऊन निघालेला माणूस शेवटी एका बाईच्या स्वयंपाकघरापाशी अडतो. या प्रकारातली मला सर्वांत आवडलेली कादंबरी हीच.

मात्र किनाऱ्यावरच्या वाचकाला या कादंबऱ्यांतली एक गोष्ट पटत नाही. रात्री रबरी होडी वाळूला लागते, चार जण उतरतात, होडी पुरून टाकतात आणि सकाळपर्यंत गावात मिसळतात. आमच्याकडचा कोणीही तांडेल यावर हसेल. भांगाच्या दिवसांत पाणी कुठवर येते, उधाणाला खाजणात किती शिरते, कोणत्या घरची होडी कुठे ओढलेली असते हे ज्यांना डोळे मिटून सांगता येते, त्यांच्यापासून चार परके लपत नाहीत. खऱ्या इतिहासाचाही कौल असाच आहे. २७ सप्टेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीतून उतरलेले काही हिंदी तरुण मलबारात तानूरच्या किनाऱ्याला लागले आणि लवकरच पकडले गेले. त्यांच्यातल्या वक्कम अब्दुल खादरला १० सप्टेंबर १९४३ रोजी मद्रासच्या तुरुंगात फाशी झाली. इंग्रजांच्या कायद्याने तो शत्रूचा हस्तक, आपल्या लेखी हुतात्मा. हिगिन्सला किंवा फॉलेटला मिळाला असता तर या प्रसंगाचे चारशे पानांचे पुस्तक झाले असते.

कोळ्याच्या डोळ्यांचे महत्त्व ज्यांनी ओळखले ते ब्रिटिश गुप्तचरच. १९४३च्या एप्रिलअखेर स्पेनमधल्या हुएल्व्हाजवळ त्यांनी पाणबुडीतून एक प्रेत समुद्रात सोडले. अंगावर मेजर विल्यम मार्टिन या नावाची कागदपत्रे, साखळीने अंगाला अडकवलेल्या बॅगेत खोटी पत्रे. ३० एप्रिलला ते एका मच्छीमाराला सापडले, आणि पत्रांतला मजकूर जर्मनांपर्यंत पोचून सिसिलीवरच्या चढाईबद्दल त्यांची दिशाभूल झाली. योजना आखणाऱ्यांपैकी युएन माँटेग्यूने १९५३ साली त्यावर ‘द मॅन हू नेव्हर वॉज’ लिहिले. प्रेत होते ग्लिंडर मायकेल नावाच्या एका बेघर वेल्श माणसाचे. उंदराचे विष पोटात जाऊन तो लंडनमध्ये मेला होता. त्याचे नाव हुएल्व्हातल्या थडग्यावर कोरले गेले ते १९९८ साली. सगळ्या कल्पित हेरांना मागे टाकणारा हा हेर जिवंतपणी कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. माँटेग्यूचे पुस्तक चटपटीत आहे, पण त्यात त्या गरीब माणसाला जागा नाही, आणि ज्याच्या होडीने ते प्रेत काठाला आणले त्यालाही जेमतेमच.

आमच्या किनाऱ्याला या विषयाची थट्टा परवडत नाही हेही सांगितले पाहिजे. १९७१च्या डिसेंबरात मी शाळकरी होतो. खिडक्यांना काळे कागद लावलेले आठवतात. तारापूरची अणुभट्टी दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, त्यामुळे मोठी माणसे आवाज खाली करून बोलत. २६ नोव्हेंबर २००८ला ‘कुबेर’ ही पळवलेली मच्छीमार होडी वापरून दहा जण मुंबईत उतरले. त्यानंतर आमच्याकडे सागर रक्षक दले आली, मच्छीमारांच्या खिशात ओळखपत्रे आली. किनाऱ्यावरचा माणूस आता एकाच वेळी पहारेकरी आहे आणि संशयितही. ओळखपत्र घरी विसरून समुद्रात गेलेल्या खलाशाच्या पोटात जो गोळा येतो, तो खोट्या कागदांवर नाका ओलांडणाऱ्या मॅक्लीनच्या नायकाहून वेगळा नसावा. फरक इतकाच की खलाशाचे कागद खरे असतात.

भरती-ओहोटी कळणाऱ्याने वाचावी अशी या प्रकारातली कादंबरी म्हणजे अर्स्किन चाइल्डर्सची ‘द रिडल ऑफ द सँड्स’. ती महायुद्धांच्याही आधीची, १९०३ची. दोन इंग्रज तरुण छोट्या शिडाच्या होडीतून जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाळूच्या दांड्यांत भटकतात आणि तिथे इंग्लंडवरच्या स्वारीची तयारी चालली असल्याचा सुगावा त्यांना लागतो. पहिल्या निम्म्या पुस्तकात जवळजवळ काही घडत नाही. पाण्याची खोली मोजणे, चिखलात रुतणे, पुन्हा तरंगणे. शहरी वाचक इथे कंटाळून पुस्तक ठेवतो. दातिवऱ्याशी वैतरणेच्या मुखावर वाळू कशी जागा बदलते हे पाहिलेल्याला मात्र तो निम्मा भागच अधिक रंजक वाटेल. दाट धुक्यात केवळ होकायंत्राच्या भरवशावर वल्हवत नेलेल्या होडीचे प्रकरण तर एखाद्या तांडेलाला वाचून दाखवावे असे आहे. चाइल्डर्सच्या कादंबरीतला खलपुरुषही जर्मन नाही. तो इंग्लंडच्या आरमारातून फुटलेला इंग्रज आहे.

आणि इथे कादंबरीपेक्षा लेखकाचे आयुष्य पुढे जाते. ब्रिटिश राष्ट्रभक्तीचा नमुना म्हणून गाजलेले हे पुस्तक लिहिणारा चाइल्डर्स १९१४च्या जुलैत स्वतःच्या होडीतून आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका घेऊन डब्लिनजवळ उतरला. महायुद्धात पुन्हा ब्रिटिश सैन्यात गेला. नंतर कडवा आयरिश प्रजासत्ताकवादी झाला आणि २४ नोव्हेंबर १९२२ला आयरिश फ्री स्टेटच्या सरकारने, म्हणजे काल-परवापर्यंतच्या त्याच्या सहकाऱ्यांच्याच सरकारने, त्याला गोळ्या घातल्या. मरण्यापूर्वी त्याने बंदूकधारी सैनिकांशी हस्तांदोलन केले. हेरकादंबरीची पायाभरणी ज्यांनी केली त्यांच्यातला एकजण असा होता. ‘आपला माणूस कोणता’ हा प्रश्न या प्रकाराच्या मुळातच आहे. तो मराठी वाचकाने बाहेरून आणून चिकटवलेला नाही.

हिगिन्सला हे पुरते ठाऊक होते. ‘द ईगल हॅज लँडेड’मध्ये (१९७५) जर्मन पॅराट्रूपर पोलिश सैनिकांच्या वेषात नॉरफोकमधल्या एका खेड्यात येतात, चर्चिलला पळवायचे असते. त्यांना आतून मदत करणारी दोन माणसे कोण आहेत ते पाहा. लिअम डेव्हलिन हा आयरिश बंडखोर, आणि जोआना ग्रे ही बोअर स्त्री, जिने ब्रिटिशांच्या छावणीत आपली माणसे गमावली. दोघांनाही नाझींचे प्रेम नाही. त्यांचे इंग्लंडशी जुने देणे आहे. साम्राज्याने दुखावलेल्यांना हिगिन्सने कथेत जागा दिली आणि सगळ्यांत गोड बोलणे डेव्हलिनच्या वाट्याला दिले. मराठी वाचकाला डेव्हलिन का आवडतो हे वेगळे सांगायला नको. आणि हे लोक पकडले कसे जातात? ओढ्याच्या प्रवाहात पडलेल्या मुलाला वाचवताना एक सैनिक मरतो आणि पोलिश गणवेशाखालचा जर्मन गणवेश उघडा पडतो. चांगुलपणामुळे सोंग उघडे पडणे ही युक्ती भाबडी आहे हे मला कळते. तरी ते पान मी दर वेळी हळू वाचतो.

या कादंबऱ्यांतली एक खरी घटना आपल्या अगदी दाराशी घडलेली आहे. मुरगाव बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन अशी चार मालवाहू जहाजे अडकून पडली होती. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. त्यांतल्या ‘एरेनफेल्स’वरून पाणबुड्यांना चोरून संदेश जातात असा ब्रिटिशांना संशय होता. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्सच्या आणि कलकत्ता स्कॉटिशच्या अठरा हौशी, बऱ्याचशा पोक्त माणसांनी ‘फीबी’ नावाच्या चिखलवाहू बोटीतून येऊन त्या जहाजावर छापा घातला. खलाशांना बंदराबाहेर ठेवण्यासाठी किनाऱ्यावर मेजवानीची आणि वेश्यागृहांत फुकट मौजेची व्यवस्था केली होती. कप्तान मारला गेला, जर्मनांनी स्वतःच जहाज बुडवले आणि पाठोपाठ बाकीची तीनही पेटली. गुपित पस्तीस वर्षे राहिले. १९७८मध्ये जेम्स लीझरचे ‘बोर्डिंग पार्टी’ आले, १९८०मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांचा ‘द सी वुल्व्ज’. संदेश थांबल्याने जहाजे वाचली हा पुस्तकाचा दावा अभ्यासकांनी सगळा मान्य केलेला नाही. मला खटकते ते वेगळेच. लीझरच्या गोव्यात गोवेकर जवळजवळ नाहीत. दारू आणणारे हात आहेत, होडी वल्हवणारे हात आहेत. त्या रात्री बंदरात चार जहाजे जळताना पाहून वास्कोतल्या माणसाला काय वाटले असेल, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही.

त्याच सुमारास ब्रिटिश आणखी एका चोरट्या ट्रान्समीटरच्या मागावर होते. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी १९४२च्या ऑगस्टपासून मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवत होते. पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत, यंत्र हलवत सुमारे तीन महिने त्यांनी काढले; १२ नोव्हेंबरला ते सापडले, आणि सापडले ते त्यांच्याच तंत्रज्ञाने फोडल्यामुळे. एस. एम. जोशी त्याच काळात मुसलमानी वेषात ‘इमाम अली’ होऊन भूमिगत वावरत होते. वेषांतर, खोटे नाव, बिनतारी यंत्र, फितुरी: मॅक्लीनला लागते ते सगळे साहित्य इथे मांडून ठेवले आहे. उषा मेहतांवर चित्रपट आला तो २०२४ साली, हिंदीत. मराठीत १९४२च्या आठवणी भरपूर आहेत, आत्मचरित्रे आहेत, सरळ राजकीय कादंबऱ्याही आहेत. हेरकादंबरीच्या बांधणीत, वाचकाचा श्वास अडकवून, त्या दिवसांकडे कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे या प्रकाराची जातकुळी नाही असेही नाही. बाबूराव अर्नाळकरांचे (१९०६–१९९६) नावच वैतरणेपलीकडल्या अर्नाळ्यावरून. मूळचे ते चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा लिहून त्यांनी मराठी वाचकाला वेषांतराची गोडी लावली. पण मी वाचलेल्या त्यांच्या कथांत झुंजार, काळा पहाड, धनंजय यांची गाठ गुन्हेगाराशी पडते, राज्याशी नाही. सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाइकांनी कॅप्टन दीपसारखे लष्करी नायक दिले. ते गोव्याचे, त्यांनी बाराशेच्या आसपास पुस्तके लिहिली. सीमेपलीकडे शिरणाऱ्या त्यांच्या नायकांचा वेग झकास, पण आपली बाजू कोणती याबद्दल त्यांना क्षणाचीही शंका नसते, आणि शंकेवाचून हेरकथा ही नुसती पाठलागाची कथा होते. मनोहर माळगावकर लष्करात राहिलेले, जगलबेटच्या रानात स्थायिक झालेले. त्यांनी ‘स्पाय इन अंबर’ लिहिली ती इंग्रजीत. उरला बहिर्जी नाईक. तो आपल्या मनातला आद्य हेर, पण ऐतिहासिक कादंबरीत तो येतो, खबर सांगतो, मुजरा करून जातो. तो रात्री एकटा असताना काय विचार करत असेल हे कोणी लिहीत नाही.

अनुवादांबद्दल एक तक्रार नोंदवतो. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने सोंग घेतलेल्या माणसाची अर्धी अडचण दूर होते. मराठीत तोंड उघडताच तू, तुम्ही की आपण हे ठरवावे लागते. क्रियापद आपला हुद्दा सांगून टाकते. खोटा कर्नल शिपायाला चुकून ‘बसा’ म्हणाला तर तिथेच संपला. ही अनुवादकाला मिळालेली आयती संधी आहे. पण मी वाचलेल्या बहुतेक अनुवादांत जर्मन शिपाई, ग्रीक मेंढपाळ आणि स्कॉटिश मेजर सगळे एकाच पुस्तकी मराठीत बोलतात. आमच्याकडे वाडवळी, मांगेली, सामवेदी अशी बोली दर काही कोसांवर बदलते. चार शब्दांत माणूस कुठल्या आळीचा हे कळते. या पट्ट्यातल्या वाचकासाठी हेर बोलण्यावरून पकडला जाणे हीच सर्वांत विश्वसनीय अटक आहे. सपाट भाषेत ती होऊच शकत नाही.

मराठीत १९४२ची हेरकादंबरी का झाली नाही, याचे एक कारण मला सुचते. मॅक्लीनचा फितूर शेवटच्या प्रकरणात ओळखला जातो, गोळी खातो, पुस्तक मिटते. ‘नॅव्हरोन’मधला पनायिस मेला म्हणून मॅक्लीनच्या गावात कोणाचे काही बिघडत नाही. आपल्या कादंबरीतला खबऱ्या मात्र मराठी बोलणार. भूमिगतांच्या मागावरचा साध्या वेषातला हवालदार मराठी असणार, लाठी आणि बंदूक उचलणारा शिपाईही बहुधा आपल्याच जिल्ह्यातला. त्याला बायकामुले असणार, पगार असणार, पुढे १९४७नंतर बढती आणि पेन्शनही. त्याची नातवंडे आजही कुठल्यातरी आळीत राहतात, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसतात. त्याच्या कातडीत वाचकाला दोनशे पाने बसवायचे, त्याची भीती आणि त्याची हुशारी खरी वाटू द्यायची, आणि तरीही काँग्रेस रेडिओचे यंत्र ज्या खोलीत आहे त्या खोलीच्या दाराशी त्याला आणून उभे करायचे, हे काम जो लेखक हाती घेईल त्याला फॉलेटपासून पुष्कळ शिकता येईल. ल्यूसीच्या बेटावर फेबर आधी पाहुणा म्हणून येतो, तिच्या घरचे जेवतो, आणि आपण तोवर त्याच्याच बाजूचे असतो.